केवढ्याला?

सिंगापूरच्या नदीकाठच्या एका महागड्या सी-फूड रेस्टॉरंटमध्ये मी माझ्या आईला गप्प केलं. ती काही वावगं बोलली नव्हती. वेटर एक जिवंत चिंबोरी हातात धरून आमच्या टेबलापाशी उभा होता. त्याने इंग्रजीत एक आकडा सांगितला, मी मान डोलावली आणि आईने विचारलं, "केवढ्याला म्हणतोय गो?"

मी टेबलाखालून तिचा हात दाबला. "आई, हळू. इथे असं विचारत नाहीत."

आई गप्प बसली. वेटर चिंबोरी घेऊन आत गेला.

ही गोष्ट डिसेंबर २०२४ची. 'इथे असं विचारत नाहीत' हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ते मला कोणी शिकवलं, हे शोधायला गेले तर एक नाव सापडत नाही. म्हणून हा लेख. मला दोघांशी भांडायचं आहे. किंमत न लिहिता मासे विकणाऱ्या रेस्टॉरंटांशी, आणि ती किंमत विचारायला लाजणाऱ्या माझ्यासारख्या लोकांशी. दुसरं भांडण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पहिल्यांचा धंदा दुसऱ्यांच्या लाजेवर चालतो.

*

माझी आई दापोली तालुक्यातली. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. आता तो बघायला पुण्या-मुंबईचे पर्यटक मोबाईल उंच धरून उभे असतात. आई तिथे लहानपणापासून जाते आहे. भाव ही तिथे कानात सांगायची गोष्ट नाही. तो ओरडून सांगतात, त्यावर दुसरा ओरडून चढवतो, आणि माल कितीला गेला हे किनाऱ्यावरच्या पोरासोरांनाही कळतं.

आईने आजवर किती चिंबोऱ्या घेतल्या असतील याचा हिशेब नाही. ती चिंबोरी उलटी करते, पोटावरची झडप रुंद आहे की निमुळती ते बघून मादी की नर ते ओळखते, कडेला अंगठ्याने दाबून भरलेली आहे की पोकळ ते बघते, अमावस्या कधी होऊन गेली ते मनात मोजते आणि मग भाव विचारते. भाव ऐकला की एकदा निघून जायचं नाटक करते. समोरच्या कोळणीलाही ते नाटक पाठ असतं. दोघी एकमेकींच्या घरची खुशाली विचारतात आणि पुन्हा दहा रुपयांवरून भांडतात. यात कोणाचाच अपमान होत नाही.

म्हणजे त्या संध्याकाळी चिंबोरीतलं कळणारी बाई माझ्या शेजारीच बसली होती. तिला गप्प करून मी व्यवहार माझ्या हातात घेतला. का, तर मला मेनूकार्ड वाचता येत होतं.

त्या मेनूकार्डात चिली क्रॅबपुढे किंमत नव्हती. तिथे 'सीझनल प्राइस' असं छापलं होतं. वेटर म्हणाला, "इलेव्हन एटी." 'पर हंड्रेड ग्रॅम' हेही तो म्हणाला असणार, मी ते ऐकलंही असेन. पण ११.८० हा आकडा एकदा कानात शिरला की पुढचे तीन शब्द ऐकायची कोणाला गरज वाटते? अकरा-बारा डॉलर. परदेशातल्या एका डिशची किंमत म्हणून तो आकडा बरोबर बसतो. तो तसा बसावा म्हणूनच तो शंभर ग्रॅमचा असतो.

चिंबोरी १.४ किलोची होती. १६५ डॉलर २० सेंट. सोबत तळलेले पाव ६, ओट्समधली कोळंबी ३०, फ्राइड राइस १८, दोन चहा ६. आम्ही न मागता टेबलावर आलेले शेंगदाणे ४. हात पुसायचे दोन ओले टॉवेल १.६०. यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या सर्व्हिस चार्जसकट सगळ्यावर नऊ टक्के जीएसटी. सिंगापूरच्या मेनूकार्डावर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं असतात, त्यांचा अर्थ हा. एकूण २७६ डॉलर ७३ सेंट, तेव्हाच्या दराने साधारण १७,४०० रुपये. यातले जवळपास २,९०० रुपये त्या दोन चिन्हांचे.

आईने मला फक्त एक प्रश्न विचारला. "सुतळीसकट वजन केलं का?" चिंबोरीच्या नांग्या ओल्या दोरीने बांधलेल्या होत्या. मला माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं.

आणि हे सगळं होण्याआधी, आम्ही जेवत असताना, शेजारच्या टेबलावर एक चिनी कुटुंब येऊन बसलं होतं. बोलण्यावरून तिथलंच असावं. त्यांच्यातल्या आजीसमोर वेटरने चिंबोरी आणली. आजीने ती उलटी करून बघितली, वजन विचारलं, नातवाला मोबाईलवर गुणाकार करायला लावला आणि मान हलवून ती चिंबोरी परत पाठवली. दुसरी आली. पुन्हा वजन, पुन्हा गुणाकार, मग होकार. वेटरच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्याच्यासाठी हे रोजचंच होतं.

आईने ते सगळं पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. इथे असं विचारतात, हे मला कोणी वेगळं सांगायची गरज उरली नव्हती.

*

आता तुम्ही म्हणाल, हे तर तुझ्याच वेंधळेपणाचं झालं, त्यात रेस्टॉरंटचा काय दोष? कायद्याने बघितलं तर कदाचित काहीच नाही. मी त्याला लुटारू म्हणत नाही. परदेशातून परत आल्यावर 'आम्हाला कसं गंडवलं' अशी लांबलचक पोस्ट टाकणाऱ्यांची मला चीड आहे, कारण त्यातले निम्मे मान डोलावून आलेले असतात. पण आपला वेंधळेपणा इतक्या ठिकाणी, इतक्या सारख्या रीतीने घडत असेल, तर त्याची मांडणी कोणीतरी केली आहे असं म्हणायला जागा आहे.

२०२३मध्ये सिंगापूरमध्येच एका जपानी पर्यटक बाईला अलास्कन किंग क्रॅबचं ९३८ डॉलरचं बिल आलं. खेकडा साडेतीन किलोचा, दर शंभर ग्रॅमला २६.८० डॉलर. गुणाकार करून बघा, अगदी बरोबर येतो. तिने पोलिसांना बोलावलं. तिचं म्हणणं, शंभर ग्रॅमचा दर आहे हे आणि एकूण वजन किती हे मला नीट सांगितलं नाही. रेस्टॉरंटचं म्हणणं, आम्ही सांगितलं होतं आणि खेकडाही दाखवला होता. दोघंही खरं बोलत असतील असं मी सहज मानू शकते. दर सांगितला जातो आणि कळत नाही, हीच त्या शंभर ग्रॅमची करामत.

त्याआधी २००९मध्ये तिथल्याच न्यूटन फूड सेंटरमध्ये अमेरिकी पर्यटकांना आठ टायगर कोळंब्यांचे २३९ डॉलर लावले गेले. तो स्टॉल तीन महिने बंद ठेवायला लावला. चीनमधल्या चिंगदाओ शहरात ऑक्टोबर २०१५च्या सुट्टीत एका माणसाने कोळंबी मागवली. मेनूत ३८ युआन लिहिलं होतं. त्याला वाटलं प्लेटची किंमत. बिल आलं दीड हजार युआनच्या घरात, कारण ३८ युआन एका कोळंबीचे होते. सी-फूडचा दर नगावर आहे अशी ओळ मेनूत खाली कुठेतरी होती. हा माणूस परदेशी नव्हता, भाषेची अडचण नव्हती. शेवटी त्या हॉटेलला ९०,००० युआन दंड झाला.

या तिन्ही ठिकाणी आकडा खोटा नव्हता असं धरलं, तरी एक गोष्ट राहतेच. आकडा एका मापाचा आणि खाणं दुसऱ्या मापाचं होतं. कोणीही शंभर ग्रॅम खेकडा मागवत नाही. तो मिळतच नाही, खेकडा अख्खा येतो. त्यातही कवच वजा केलं तर खाण्याजोगं मांस वजनाच्या निम्म्याहून कमी भरतं. तरी दर शंभर ग्रॅमचाच. हीच पाटी 'किलोला ११८ डॉलर' अशी असती तर आईला माझ्या भाषांतराचीही गरज पडली नसती. किलोला ७,४०० रुपये हा हिशेब तिने मनात करून पर्स उचलली असती.

यावर हॉटेलवाल्यांचं ठरलेलं उत्तर आहे की मासळीचा भाव रोज बदलतो, मेनूकार्ड रोज कसं छापणार? पहिला भाग अगदी खरा आहे. वादळ आलं, सण आला, आवक कमी झाली की भाव चढतो. हर्णैला राहणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवायला नको. पण सोन्याचा भावही रोज बदलतो, आणि गल्लीतला सराफ रोज सकाळी तो पाटीवर लिहितो. पेट्रोल पंपावर तर भाव ठळक आकड्यांत झळकत असतो. खडू, फळा आणि दोन मिनिटं, एवढाच खर्च आहे. भाव बदलतो हे तो लिहिण्याचं कारण आहे. न लिहिण्याचं कारण वेगळं आहे आणि ते आपल्या बाजूला बसलेलं असतं.

*

ते कारण म्हणजे आपली लाज.

महागड्या जागेची एक अलिखित शिस्त असते. आवाज बारीक, दिवे मंद, नॅपकिन कापडाचे. त्या शिस्तीत पैशाचं नाव काढणं बसत नाही. हे आपोआप होत नाही, ते घडवलं जातं. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मेनूवरच्या किमतींपुढचं डॉलरचं चिन्ह काढून नुसता आकडा ठेवला, तर लोकांनी जास्त खर्च केला. पैसा पैशासारखा दिसला नाही की हात सैल सुटतो. 'सीझनल प्राइस' ही त्याची पुढची पायरी. तिथे आकडाही नाही.

त्याच्याही पुढची पायरी बघायची तर पेरूला जावं लागेल. लिमा शहरात समुद्रात बांधलेल्या धक्क्यावर एक नावाजलेलं सी-फूड रेस्टॉरंट आहे. तिथे जोडपं आलं की पुरुषाला किंमती असलेला मेनू देत आणि बाईला किंमती नसलेला. २०१९मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण संस्थेने त्यांना दोन लाखांहून जास्त सोल दंड केला. रेस्टॉरंटचं म्हणणं होतं की बाईला खर्चाचा विचार न करता संध्याकाळचा आनंद घेता यावा, म्हणून ही पद्धत. असे 'बायकांचे मेनू' एकेकाळी युरोप-अमेरिकेतल्या बड्या रेस्टॉरंटांत सर्रास असत.

ही बातमी मी पूर्वी वाचली होती आणि संतापले होते. सिंगापूरहून परतताना विमानात ती पुन्हा आठवली तेव्हा मात्र मान वर होईना. मी आईला नेमका तोच मेनू दिला होता. तू खा, आनंद घे, आकड्यांचं मी बघते. त्यात प्रेम होतं, खोटं का बोलू. पहिल्यांदा माझ्या पैशाने तिला परदेशी नेलं होतं. तिचे वार सांभाळून बुधवार निवडला होता. तिने कसलाही विचार करू नये असं मला मनापासून वाटत होतं. पण जिने आयुष्यभर एका पगारात घर चालवलं, तिला 'तू किंमत विचारू नकोस' म्हणणं म्हणजे 'तुला जे येतं ते इथे चालत नाही' म्हणणं. आणि मला भीती आईच्या आनंदाची नव्हती. वेटर काय म्हणेल याची होती. ज्याला मी पुन्हा कधी भेटणार नाही, अशा माणसासमोर मला श्रीमंत दिसायचं होतं.

आपल्या पिढीचा हा आजार आहे असं मला वाटतं. आईवडिलांच्या किंमत विचारण्याची आपल्याला लाज वाटते. मॉलमध्ये बाबा कपड्याचं लेबल उलटून बघतात तेव्हा आपण दोन पावलं लांब उभे राहतो. रीलमध्ये खेकड्यातून ओघळणारा रस्सा दिसतो, बिल दिसत नाही. खाली 'वर्थ इट' लिहिलेलं असतं. किती वर्थ, ते कोणी लिहीत नाही, आणि कमेंटमध्ये कोणी विचारलंच तर उत्तर येतं, 'इन्बॉक्स करा.'

'परवडत नसेल तर जाऊ नका ना,' असं म्हणणारेही भेटतात. मला परवडत होतं. कार्ड चाललं, हप्ते पाडावे लागले नाहीत. पण परवडतं की नाही हे ठरवायला आधी किंमत कळावी लागते, इतकी साधी गोष्ट या वाक्यात विसरली जाते. दोन माणसांना ७००-८०० ग्रॅमची चिंबोरी पुरली असती. शेंगदाणे परत पाठवता आले असते. उरलेल्या पैशांत आणखी दोन दिवस पोटभर खाता आलं असतं. किंवा कोण जाणे, आईनेच म्हटलं असतं, आलोच आहोत तर मोठी घे. तसं ती म्हणाली असती तर १७,४०० रुपयांचं मला काहीच वाटलं नसतं. महाग असण्याला माझा विरोध नाही. चिंबोरी उत्तम होती, टोमॅटो-मिरचीच्या त्या गोडसर रश्श्यात आई पाव बुडवून खात होती आणि माझ्या तिखटात आणि यांच्या तिखटात काय फरक ते सांगत होती. एवढ्या लांबून जिवंत आणलेल्या, हातांनी फोडून रांधलेल्या जिनसेला चांगले पैसे पडावेतच. माझं भांडण फक्त आधी सांगण्याचं आहे.

गंमत अशी की ज्या पदार्थासमोर मी आईला गप्प केलं तो रस्त्यावर जन्मला आहे. १९५०च्या दशकात चेर याम टियान नावाच्या बाईने तो पहिल्यांदा केला आणि नवऱ्यासोबत हातगाडीवर विकायला सुरुवात केली, असं सिंगापूरमध्ये मानतात. हातगाडीवरून कापडी नॅपकिनपर्यंत येताना पदार्थ फारसा बदलला नाही. पण हातगाडीसमोर उभं राहून जो प्रश्न मी सहज विचारला असता, तो नॅपकिन मांडीवर आला की जिभेवर येईना.

*

हे सगळं सिंगापूरचं म्हणून सोडून द्यायचं असेल, तर पुण्या-मुंबईतल्या किंवा गोव्यातल्या कुठल्याही बऱ्या मासळीच्या हॉटेलात जा आणि पापलेटपुढे काय लिहिलंय ते वाचा. 'एपीएस'. ॲज पर साइझ. तीन अक्षरांत तीच गोष्ट. किती जण वेटरला थांबवून विचारतात, "साइझ केवढा, आणि त्याचे किती?" मीही विचारत नव्हते. ऑफिसच्या मंडळींसमोर तर नाहीच.

आता विचारते. फार काही लागत नाही. दर कशाचा, किलोचा, शंभर ग्रॅमचा की नगाचा? याचं वजन किती? म्हणजे या अख्ख्या माशाचे एकूण किती होतील, वर काय काय लागेल? टेबलावर न मागता आलेल्या वस्तूचे पैसे पडतात का? एकूण आकडा वेटरच्याच तोंडून वदवून घ्यायचा, आपण मनात गुणाकार करत बसायचं नाही. आणि हे सगळं नेहमीच्या आवाजात. कुजबुजलं की लाज परत येते. आजवर एकाही वेटरने माझ्याकडे वाकड्या नजरेने बघितलेलं नाही. एक-दोघांनी तर हळूच सांगितलं की मॅडम, आज सुरमई घ्या, पापलेट फार चढलंय. विचारणाऱ्यालाच असा सल्ला मिळतो.

सिंगापूरहून आल्यावर मी ऑफिसात चिली क्रॅबचे फोटो दाखवले. बिल कोणालाच सांगितलं नाही. महिन्याभराने दापोलीला गेले तेव्हा कळलं की आईने आमच्या अख्ख्या आळीला सगळं सांगून टाकलं होतं. चिंबोरीचं वजन, शंभर ग्रॅमचा दर, टॉवेलचे पैसे, करावरचा कर, आणि शेवटी रुपयांत एकूण आकडा. बाजारात नेहमीच्या कोळणीला तर तिने माझ्यासमोरच पुन्हा ऐकवलं. ती बाई पाटीवर हात ठेवून म्हणाली, "सतरा हजार? मग माझ्याशी का दहा रुपयांवरून भांडतेस?"

"तू सांगतेस म्हणून," आई म्हणाली, आणि चिंबोरी उलटी करून मला दाखवली. "बघ, दाबून बघ. भरलेली आहे का?"

मी दाबून बघितली. मला अजून नीट कळत नाही. म्हणून मी विचारलं, "केवढ्याला?"